कंबरेच्या नसांवरचा आरएफए उपचार आणि नाकारलेला विमा दावा: कोल्हापुरातील एक प्रकरण अभ्यास

आरएफए म्हणजे वेदना वाहून नेणाऱ्या नसा सुईतून उष्णता देऊन निकामी करण्याचा उपचार. हे कोणा एका माणसाचे प्रकरण नाही. जुनाट कंबरदुखीच्या उपचारांचे दावे ज्या ज्या ठिकाणी अडतात, त्या जागा एकत्र करून बांधलेले हे नमुना प्रकरण आहे. यातली व्यक्ती, तारखा आणि बिलाचे आकडे नमुन्याचे आहेत. नियम, मुदती आणि वैद्यकीय तपशील मात्र खरे आहेत.

रुग्ण, पॉलिसी आणि तीन घड्याळे

रुग्ण ५४ वर्षांच्या बाई. मंगळवार पेठेत नवरा-बायको मिळून पिठाची गिरणी चालवतात. डबे उचलणे, वाकून पीठ भरणे, दिवसभर उभे राहणे हे रोजचेच. नवरा-बायको दोघांची फॅमिली फ्लोटर (एकच विमा रक्कम दोघांत मिळून) पॉलिसी आहे, विमा रक्कम ५ लाख. सुरुवात १२ नोव्हेंबर २०२२ ची, त्यानंतर एकदाही खंड नाही. ओपीडीचे संरक्षण घेतलेले नाही. दाखल होण्याआधीचे ३० दिवस आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस एवढ्या काळातला संबंधित खर्च पॉलिसीत बसतो.

अशा पॉलिसीत एकाच वेळी तीन घड्याळे, म्हणजे दावा मिळण्याआधी थांबायचे तीन काळ, चालू असतात आणि दावा करण्याआधी ती तिन्ही बघावी लागतात. पहिले पॉलिसी सुरू झाल्यापासूनच्या ३० दिवसांचे. ते कधीच संपले होते. दुसरे ठरावीक आजारांचे. मणक्याचे विकार, संधिवात, सांधेबदल यांसाठी बहुतेक पॉलिसींत २४ महिने थांबावे लागते. या प्रकरणात तो काळ नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाला. तिसरे आधीपासूनच्या आजाराचे. हा काळ पूर्वी ४८ महिन्यांपर्यंत असू शकत होता. विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२४ पासून त्याची कमाल मर्यादा ३६ महिन्यांवर आणली, आणि नोव्हेंबर २०२४ च्या नूतनीकरणाच्या कागदावर ३६ हाच आकडा छापून आला. उपचार झाला १६ जुलै २०२५ ला, म्हणजे ३३ व्या महिन्यात. दुसरे घड्याळ संपलेले, तिसरे अजून चालू. विमा कंपनीने पुढे बोट ठेवले ते नेमके याच फटीवर.

उपचार काय होता

कंबर दुखते, पाय दुखत नाही. सकाळी उठताना आणि मागे वाकताना जास्त. एमआरआयमध्ये एल४-५ आणि एल५-एस१ या कंबरेच्या खालच्या पातळ्यांवरचे फॅसेट सांधे (मणक्यांना मागून जोडणारे छोटे सांधे) झिजलेले, नस दबलेली नाही. म्हणजे मणक्याचे मोठे ऑपरेशन लागत नाही, पण गोळ्या आणि फिजिओथेरपीनेही भागत नाही. अशा रुग्णाला पेन स्पेशालिस्ट रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशन, थोडक्यात आरएफए, सुचवतात. सांध्याची वेदना वाहून नेणाऱ्या बारीक नसा सुईच्या टोकातून उष्णता देऊन निकामी करायच्या.

प्रत्येक फॅसेट सांध्याला दोन नसा पुरवठा करतात. त्यामुळे दोन पातळ्यांसाठी एका बाजूला तीन नसा लागतात: एल३ आणि एल४ च्या मेडियल ब्रँच आणि एल५ ची डॉर्सल रॅमस (या मणक्यांच्या नसांच्या बारीक फांद्या). दोन्ही बाजू मिळून सहा. हा आकडा ध्यानात ठेवायचा, कारण ‘दोन सांधे’ लिहिलेल्या कागदाला सहा जागांचे बिल लावले की तपासणारा डॉक्टर हमखास प्रश्न विचारतो.

आरएफएच्या आधी डायग्नोस्टिक ब्लॉक द्यावा लागतो. त्याच नसांपाशी थोडे भूल देणारे औषध सोडायचे आणि वेदना किती कमी झाली ते मोजायचे. एका ब्लॉकवर खोटा होकार मिळू शकतो म्हणून काळजी घेणारे डॉक्टर दोनदा करतात, एकदा लिग्नोकेन आणि एकदा बुपिवाकेन वापरून. पहिल्याचा परिणाम लवकर उतरतो, दुसऱ्याचा जास्त टिकतो. रुग्णाला आलेला आराम त्या त्या औषधाच्या काळाशी जुळला तर वेदनेचा उगम तिथेच आहे असे म्हणायला आधार मिळतो. या प्रकरणात पहिला ब्लॉक २० जूनला आणि दुसरा ४ जुलैला झाला. दोन्ही वेळी वेदनेचा आकडा १० पैकी ८ वरून १ ते २ वर आला, आणि रुग्णाने तासातासाला लिहिलेला तक्ता फाइलला लागला.

हा तक्ता नुसता वैद्यकीय कागद नाही. वेदना एक्स-रेवर उमटत नाही, आणि एमआरआयमधली झीज तर काहीही न दुखणाऱ्या माणसांतही सापडते. दावा तपासणाऱ्याला ‘दुखते’ या शब्दापलीकडे काही तरी मोजलेले लागते, आणि जुनाट दुखण्यात मोजलेले म्हणता येईल असे सर्वांत जवळचे हेच असते.

पहिली चूक: प्री-ऑथचा फॉर्म

ठरवून करायच्या उपचारासाठी कॅशलेसच्या पूर्वमंजुरीचा (प्री-ऑथचा) अर्ज साधारण ४८ ते ७२ तास आधी द्यायचा असतो. तसा तो १४ जुलैला गेला. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीने कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. उत्तर वेळेत आले. नकाराचे होते: ‘उपचार ओपीडी स्वरूपाचा आहे.’

कारण फॉर्ममध्येच होते. हॉस्पिटलच्या विमा टेबलवर तो भरताना निदानाच्या रकान्यात ‘कंबरदुखी’ आणि उपचाराच्या रकान्यात ‘इंजेक्शन’ लिहिले गेले. आजाराचा कोड टाकला एम५४.५. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत एम५४.५ म्हणजे नुसती कंबरदुखी. ते लक्षण आहे, आजार नव्हे. झिजलेल्या फॅसेट सांध्यांसाठी स्पाँडिलोसिसच्या (मणक्याच्या झिजेच्या) गटातला, एम४७ चा कोड यायला हवा होता. कंबरदुखीवर इंजेक्शन असे वाचल्यावर समोरच्याने ओपीडी समजले, यात त्याचा फार दोष नाही. हा फॉर्म डॉक्टर सहसा स्वतः भरत नाहीत, फक्त सही करतात. म्हणून तो पाठवण्याआधी रुग्णाच्या नातेवाइकाने निदान, उपचाराचे पूर्ण नाव, किती नसा, कोणती भूल, कुठल्या खोलीत, या पाच गोष्टी वाचून घ्याव्यात. पाच मिनिटांचे काम असते.

हॉस्पिटलने दुरुस्त फॉर्म त्याच दिवशी पुन्हा पाठवला. उत्तर आले की कागद बघून परताव्यात विचार करू. इथे बऱ्याच घरांत हात टेकले जातात. कॅशलेस नाकारणे म्हणजे दावा नाकारणे नव्हे. पैसे आपण भरायचे आणि नंतर परताव्याचा दावा करायचा, हा मार्ग उघडाच राहतो.

उपचाराचा दिवस आणि ऑपरेशन नोट

१६ जुलैला सकाळी ८ वाजता दाखल, संध्याकाळी ५ ला डिस्चार्ज. नऊ तास. पॉलिसीत दाखल होण्यासाठी किमान २४ तासांची अट असते आणि तिला अपवाद डे-केअर उपचारांचा. ती व्याख्या शब्दशः बघायला हवी, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर झाला. जनरल किंवा लोकल भूल देऊन, हॉस्पिटलात किंवा डे-केअर केंद्रात, तंत्रज्ञान पुढे गेल्यामुळे २४ तासांच्या आत होणारा आणि तसे नसते तर २४ तासांहून जास्त दाखल राहावे लागले असते असा उपचार. शिवाय एरवी ओपीडीतच केला जातो असा उपचार यात धरला जात नाही.

म्हणून ऑपरेशन नोटमध्ये काय लिहिले आहे याला बिलापेक्षा जास्त वजन आहे. या प्रकरणातली नोट चांगली होती. ऑपरेशन थिएटर, सी-आर्म क्ष-किरण यंत्राखाली प्रक्रिया, लिग्नोकेनची लोकल भूल, शिरेतून हलके गुंगीचे औषध, नाडी-रक्तदाब-ऑक्सिजनची नोंद. प्रत्येक नसेपाशी सुई बसवल्यावर ५० हर्ट्झने संवेदनेची चाचणी आणि २ हर्ट्झने हालचालीची, पाय उडत नाही याची खात्री. मग ८० अंश सेल्सिअसवर ९० सेकंद, सहा जागी. सी-आर्मची समोरून आणि बाजूने घेतलेली चित्रे छापून जोडलेली. एकदाच वापरायच्या सुयांची पाकिटावरची स्टिकरे नोटवर चिकटवलेली.

स्टिकरे राहून जाणे ही फार सामान्य गोष्ट आहे. पाकीट थिएटरच्या कचऱ्यात गेले की गेले. बिलात सुयांचे १५,६०० रुपये दिसतात आणि त्यामागे वितरकाचे बिल किंवा स्टिकर नाही, तर ती रक्कम कापली जाण्याची शक्यता खूप वाढते. दाखल होतानाच सिस्टरना सांगून ठेवावे.

डिस्चार्ज कार्ड मात्र घाईत लिहिले गेले. इतिहासाच्या ओळीत ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी लिहिले: ‘कंबरदुखी, ५ वर्षांपासून.’

दावा आणि नकार

कागद २८ जुलैला दिले, डिस्चार्जनंतर बाराव्या दिवशी. परताव्याच्या दाव्याची मुदत पॉलिसीनुसार १५ किंवा ३० दिवस असते. फॉर्मचे दोन भाग असतात. ‘अ’ आपण भरायचा, ‘ब’ हॉस्पिटलने. सोबत मूळ डिस्चार्ज कार्ड, सुटे केलेले बिल, पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या आणि त्यांची बिले, रिपोर्ट, रद्द केलेला चेक, ओळखपत्र. मूळ कागद देण्याआधी सगळ्याची रंगीत प्रत काढली होती आणि पोच घेतली होती. ही पोच पुढे तीनदा लागली.

रक्कम अशी होती. उपचाराच्या दिवसाचे बिल ६२,४०० रुपये: थिएटर आणि सी-आर्म १४,०००, डॉक्टरांची फी २२,०००, सुया १५,६००, भूल आणि देखरेख ४,०००, खाट २,५००, औषधे २,९००, हातमोजे-ड्रेपसारख्या वस्तू १,४००. दाखल होण्याआधीच्या ३० दिवसांतले २१,३००: दोन ब्लॉक प्रत्येकी ९,५००, तपासणी आणि औषधे २,३००.

ब्लॉक ओपीडीत झाले होते. एकटा ब्लॉक दाव्यात टाकला असता तर तो तिथल्या तिथे नाकारला गेला असता. पण मुख्य उपचाराचा दावा मंजूर होण्याजोगा असेल, आणि ब्लॉक त्याच आजारासाठी त्या ३० दिवसांच्या आत झाला असेल, तर तो दाखलपूर्व खर्च म्हणून मागता येतो. दोन्ही ब्लॉक १६ जूननंतरचे होते. एमआरआय मात्र २ जूनला झाला होता, खिडकीच्या चौदा दिवस आधी. त्याचे ६,८०० रुपये मागताच आले नाहीत. एमआरआय, ब्लॉक आणि आरएफए यांच्या तारखा डॉक्टरांशी बोलून एका महिन्यात बसवता येत असतील तर बसवाव्यात. वैद्यकीयदृष्ट्या त्याने काही बिघडत नाही आणि रक्कम किरकोळ नाही.

८ ऑगस्टला क्वेरी आली: पहिल्या तपासणीचा कागद द्या आणि दुखणे किती जुने आहे याचा डॉक्टरांचा दाखला द्या. घरच्यांनी पहिला कागद दिला, फेब्रुवारी २०२४ चा. दाखला डॉक्टर परगावी असल्याने राहिला. २२ ऑगस्टला नकारपत्र आले. कारणे दोन. एक, उपचार डे-केअरच्या व्याख्येत बसत नाही, ओपीडी स्वरूपाचा आहे. दोन, डिस्चार्ज कार्डानुसार त्रास पाच वर्षांचा, पॉलिसी त्यानंतरची, म्हणून हा आधीपासूनचा आजार, आणि ३६ महिने झालेले नाहीत.

दुसरे कारण आधी बघू, कारण ते जास्त धोक्याचे आहे

आधीपासूनचा आजार म्हणजे आधीपासूनचे दुखणे नव्हे. नियामकाच्या व्याख्येत पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा त्या काळात ज्यावर डॉक्टरांचा सल्ला वा उपचार घेतला गेला, असा आजार येतो. ‘डॉक्टर’ हा शब्द दोन्ही ठिकाणी आहे. कंबर २०२० पासून धरत असेल, बाई मेडिकलमधून गोळी आणून किंवा शेक घेऊन काम चालवत असतील आणि डॉक्टरांकडे पहिल्यांदा फेब्रुवारी २०२४ मध्ये गेल्या असतील, तर नोव्हेंबर २०२२ च्या आधी निदान नाही, सल्ला नाही, उपचारही नाही. मग व्याख्या लागू होत नाही.

पण हे खरे असले पाहिजे. कोणी २०२१ मध्ये हाडांच्या डॉक्टरांना दाखवले असेल आणि पॉलिसी घेताना ते सांगितले नसेल, तर वरचा मुद्दा उचलूच नये. कंपनीचा तपासनीस घरी येतो, जुन्या दवाखान्यात विचारतो, मेडिकलवालाही सांगून टाकतो. न सांगितलेली गोष्ट सापडली तर या दाव्यासोबत पॉलिसीही जाऊ शकते. जुना आजार पॉलिसी घेताना सांगितलेला असेल, तर ३६ महिने पूर्ण होण्याची वाट बघणे हाच सुरक्षित रस्ता. या प्रकरणात तो रस्ता फक्त चार महिने लांब होता, आणि डॉक्टरांच्या मते थांबता येत असते तर तोही विचार करण्याजोगा होता.

डिस्चार्ज कार्डावरची ओळ खोडायची नाही. खाडाखोड केलेला कागद मूळ चुकीपेक्षा वाईट. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लेटरहेडवर, तारीख, सही आणि नोंदणी क्रमांकासह खुलासा दिला: पाच वर्षे हा काळ रुग्णाने सांगितलेल्या अधूनमधूनच्या त्रासाचा आहे, उपलब्ध कागदांनुसार पहिली वैद्यकीय तपासणी फेब्रुवारी २०२४ ची आहे, फॅसेट सांध्यांचे निदान जून २०२५ च्या एमआरआय आणि ब्लॉकनंतर झाले. सोबत हॉस्पिटलच्या पूर्ण केस पेपरची प्रत मागितली. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. अर्ज लेखी द्यावा, तोंडी मागणीला ‘रेकॉर्ड रूमचा माणूस नाही’ हे उत्तर ठरलेले असते.

तक्रार: आधी कंपनीत

१ सप्टेंबरला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल आणि स्पीड पोस्टने पत्र गेले. त्याच दिवशी नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवली. टोल फ्री क्रमांक १५५२५५ वरही ती नोंदवता येते. कंपनीने दोन आठवड्यांत उत्तर द्यायचे असते.

पत्र दीड पानाचे होते. ‘आमच्यावर अन्याय झाला’, ‘इतकी वर्षे हप्ते भरले’ असले काही त्यात नव्हते. रागाला जागा आहे, पण त्याने फाइल हलत नाही. मुख्य परिच्छेद असा होता:

‘नकारपत्रात उपचार ओपीडी स्वरूपाचा असल्याचे म्हटले आहे. सोबतच्या ऑपरेशन नोटनुसार (जोडपत्र ३) हा उपचार ऑपरेशन थिएटरमध्ये, लोकल भूल देऊन, सी-आर्मखाली सहा नसांवर करण्यात आला. त्याआधी १६ महिने गोळ्या आणि फिजिओथेरपीच्या २२ बैठका झाल्या आहेत (जोडपत्र ५). उपचार ओपीडीत नेहमी केला जातो असे कंपनीचे म्हणणे असल्यास त्याचा आधार कळवावा. दावा नाकारण्याचा निर्णय दावा पुनरावलोकन समितीच्या मान्यतेने झाला आहे काय, तेही कळवावे.’

शेवटचे वाक्य विसरू नये. २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या उत्पादन व्यवस्थापन समितीच्या किंवा तिच्याखालील दावा पुनरावलोकन समितीच्या मान्यतेशिवाय दावा नाकारता येत नाही, आणि नाकारताना पॉलिसीतले नेमके कलम द्यावे लागते. हा प्रश्न विचारला की फाइल निदान एका वेगळ्या टेबलावर उघडली जाते.

फिजिओच्या २२ बैठका हाही आकडा महत्त्वाचा. साध्या उपचारांना पुरेसा वेळ दिला होता, मगच प्रक्रिया केली, हे त्यातून दिसते. फिजिओथेरपिस्टकडे बहुधा एक हजेरीचे कार्ड असते, त्यावर तारखा आणि सही. लोक ते फेकून देतात. ठेवावे.

१३ सप्टेंबरचे उत्तर: आधीपासूनच्या आजाराचे कारण मागे घेतले. डे-केअरचे कारण कायम.

पुण्याचा लोकपाल

मुंबई महानगर, नवी मुंबई, ठाणे, रायगड, पालघर हा भाग सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा विमा लोकपालाच्या, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकून निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याच्या, पुणे कार्यालयाकडे येतो. कोल्हापूरही त्यात. कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर. अर्ज ऑनलाइन करता येतो. शुल्क नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकील उभा करता येत नाही. दावा ५० लाखांपर्यंतचा असावा, कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत यावे, आणि तोच वाद कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू नसावा. कंपनीने महिनाभर उत्तरच दिले नाही तरी थेट येता येते.

६ ऑक्टोबरला अर्ज गेला. डे-केअरच्या मुद्द्याला तीन आधार दिले. पहिला, पॉलिसीला जोडलेल्या डे-केअर यादीत रेडिओफ्रिक्वेन्सीने नस निकामी करण्याचा उल्लेख होता. ही यादी पॉलिसीच्या मुख्य कागदात नसते, शेवटी परिशिष्टात असते, आणि ती कोणी उघडत नाही. तपासणाऱ्यानेही उघडली नव्हती असे दिसते. आपल्या पॉलिसीत यादी असेल तर ‘रेडिओफ्रिक्वेन्सी’, ‘न्यूरोलिसिस’, ‘नर्व्ह ब्लॉक’, ‘फॅसेट’ हे चारही शब्द शोधावेत. यादीऐवजी ‘सर्व डे-केअर उपचार’ असे लिहिले असेल तर व्याख्येवरच लढावे लागते.

दुसरा आधार व्याख्येतल्या तंत्रज्ञानाच्या अटीचा. कंपनी म्हणते, आरएफएला २४ तास कधीच लागत नव्हते. पण या नसा तोडण्याची कल्पना मांडली गेली तेव्हा, १९७१ मध्ये, ऑस्ट्रेलियातले शल्यचिकित्सक रीस पाठीत सुरीचे पाते घालून ते करत होते, आणि त्यात रक्तस्रावाचा धोका होता. पुढे त्याच दशकात अमेरिकेतल्या शीली यांनी रेडिओफ्रिक्वेन्सी वापरायला सुरुवात केली. सुईने काम नऊ तासांत होते ते यंत्रामुळे. डॉक्टरांनी हे एका परिच्छेदात लिहून दिले.

तिसरा आधार जागेचा. हॉस्पिटल महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदलेले होते, त्याचे प्रमाणपत्र जोडले. नोंदणी नसेल तर दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका, स्वतःचे थिएटर आणि रोजच्या नोंदी या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. कोल्हापूर शहर या दहाच्या गटात येते. एखाद्या इमारतीतल्या ओपीडीच्या खोलीत सी-आर्म बसवलेले पेन क्लिनिक असेल, तर तिथला डॉक्टर कितीही चांगला असो, दावा जागेवरच अडतो. उपचार ठरवण्याआधी नोंदणीचा क्रमांक विचारायला संकोच करू नये.

सुनावणीआधी कंपनीने तडजोडीची तयारी दाखवली. दोन्ही बाजू लेखी तयार असतील तर लोकपाल एका महिन्यात शिफारस देतात; नाहीतर सगळे कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत पाळायचा असतो. उशीर केला तर दिवसाला ५,००० रुपये विमाधारकाला द्यावे लागतात. निकाल पटला नाही तर आपल्याला जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला शुल्क नाही.

किती मिळाले, काय कापले

एकूण मागणी ८९,५५० रुपये. यात डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांतले ५,८५० नंतर वेगळे जोडले होते: फिजिओच्या १० बैठका ४,००० आणि औषधे १,८५०. फिजिओ डिस्चार्ज कार्डावर ‘१० बैठका’ असे आकड्यासह लिहिलेली होती म्हणून ती निघाली. नुसते ‘फिजिओ घ्यावी’ लिहिले असते तर पुन्हा क्वेरी आली असती.

१,४०० रुपये कापले गेले, हातमोजे वगैरे वस्तूंचे. त्या न देण्याच्या यादीत असतात. वेगळे संरक्षण घेतले असेल तरच मिळतात. ९,५०० कापले गेले पहिल्या ब्लॉकचे, कारण पावती साध्या चिठ्ठीवर, क्रमांक आणि शिक्का नसलेली होती. हे पैसे वाचवता आले असते. उरलेले ७८,६५० खात्यात आले.

हाच दावा कशाने मुळातच बुडाला असता

दाखल होऊन तीन दिवस ट्रॅक्शन, शेक आणि सलाईन. आपल्याकडे अजून सर्रास होते, आणि त्याचे दावे विश्रांती वा पुनर्वसनासाठीचे किंवा केवळ तपासणीसाठीचे दाखल या दोन प्रमाणित वगळण्यांत जातात. २४ तास पूर्ण केल्याने काही वाचत नाही. दाखल होण्याची गरज दाखवावी लागते. म्हणून नऊ तासांचा उपचार ‘विम्यासाठी’ रात्रभर लांबवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो घेऊ नये. त्याने खरा दावा खोटा दिसायला लागतो.

पीआरपी (रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचे) किंवा ओझोनची इंजेक्शने अप्रमाणित उपचार म्हणून नाकारली जाण्याचा धोका मोठा. रोजच्या गोळ्या, महिन्याची तपासणी, नुसती फिजिओ यांना ओपीडी संरक्षणाशिवाय जागा नाही.

खासगी पॉलिसीकडे वळण्याआधी घरातले बाकीचे दरवाजेही बघावेत. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत घरातले कोणी २१,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असू शकते, आणि तिच्यात ओपीडी, औषधे आणि अवलंबून असलेले आई-वडीलही येतात. मुलाच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर तिच्यात आधीपासूनच्या आजाराची वाट बघावी लागत नाही असे बरेचदा आढळते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार यादीनुसार चालतात. सीपीआरमधल्या (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयातल्या) आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, उपचाराचे नाव कागदावर लिहून दाखवावे, तोंडी ‘कंबरेचे इंजेक्शन’ म्हणू नये. ७० वर्षे आणि त्यावरच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्डही काढून ठेवावे.

पुढच्या खेपेची फाइल

निकामी केलेल्या नसा पुन्हा वाढतात. आराम साधारण सहा महिने ते वर्षभर, काहींना जास्त. म्हणजे या बाईंना २०२६ मध्ये तोच उपचार पुन्हा लागू शकतो. तोवर ३६ महिने पूर्ण झालेले असतील (१२ नोव्हेंबर २०२५). ६० महिने होतील नोव्हेंबर २०२७ ला. त्यानंतर सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर माहिती लपवल्याचे कारण कंपनीला देता येणार नाही. मात्र नूतनीकरण एकदाही चुकता कामा नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे, तेव्हा नोव्हेंबरच्या हप्त्यात तो लावलेला नाही ना, तेही बघून घ्यावे.

फाइलमध्ये आता हे आहे: दोन्ही ब्लॉकचे तक्ते, ऑपरेशन नोट, सी-आर्मची चित्रे, लोकपालाकडच्या तडजोडीची प्रत, आणि एक वही. वहीत दर रविवारी दोन आकडे लिहिले जातात: वेदना १० पैकी किती, आणि गिरणीत सलग किती वेळ उभे राहता आले. आरएफएच्या आधी २० मिनिटे होती, सहा आठवड्यांनी ९० झाली. पुन्हा उपचाराची वेळ आली की डॉक्टरही हेच आकडे मागतील आणि विमा कंपनीही.